गेनूमामाने हॅलोविनचा हॉल सजवला

कोंढेगावात एक भोळा गडी राहत होता. नाव गेनू. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी म्हणालं, "गेनू, जरा कान दे," तर गेनू मान तिरकी करून कान पुढे करायचा आणि म्हणायचा, "दिला. पण परत द्या."

गेनू थोरल्या बहिणीकडे राहायचा. बहिणीचं नाव वच्छीताई. ताईची मुलगी केतकी. केतकीला गेनूने खांद्यावर बसवून अख्खं गाव दाखवलं होतं. तिच्यासाठी तो काहीही करायला तयार असायचा, आणि सगळ्या घराला त्याचीच धास्ती होती.

केतकीला स्थळ आलं. मुलगा कॅनडात राहून आलेला. मुलाकडच्यांचा निरोप आला की कांदेपोहे वगैरे काही नको, आम्ही हॅलोविनच्या संध्याकाळी येतो. तुम्ही घर सजवा, आम्ही भुतांचे वेष करून येतो, मजा करू.

"ताई, हॅलोविन म्हणजे काय गं?" गेनूने विचारलं.

"त्यांच्याकडची सर्वपित्री असेल," ताई म्हणाली. "पण जेवायला भुतंच येतात. हे बघ गेनू, मला स्वयंपाक आहे. हॉल तू सजव. असा सजव, की आत पाऊल टाकणाऱ्याची घाबरगुंडी उडाली पाहिजे. केतकीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

लग्नाचा प्रश्न म्हटल्यावर गेनू गंभीर झाला. ओट्यावर बसून त्याने विचार केला. गावातली माणसं सगळ्यात जास्त कशाला घाबरतात? मग त्याला आठवलं. तो उठला आणि जगतापांची मारकी म्हैस सोडून घेऊन आला. हॉलमध्ये आणून मधल्या खांबाला बांधली.

ताई पाणी प्यायला बाहेर आली. म्हशीने तिच्याकडे बघितलं. ताई पाण्याच्या तांब्यासकट टेबलावर चढली.

"घाबरलीस ना?" गेनू खूश झाला. "झाली सजावट!"

म्हशीने तोवर टेबलावरचा टेबलक्लॉथ खाल्ला होता आणि खाली फरशीवर भलामोठा पो टाकला होता.

"अरे मेल्या!" ताई वरून ओरडली. "खरी भीती नको! खोटी पाहिजे, खोटी! खरं काही आणायचं नाही!"

"मग आधी सांगायचं," गेनू म्हणाला. खरं काही आणायचं नाही, हे त्याने मनात पक्कं केलं.

म्हैस गेली, वास राहिला. ताईने फरशी धुतली, कोपऱ्यात मूठभर उदबत्त्या लावल्या आणि गेनूला बाजारात पिटाळलं. "एक मोठा लाल भोपळा घेऊन ये."

बाजारात भाजीवालीसमोर भोपळ्यांचा ढीग होता. गेनूने एकेकावर टिचकी मारून बघितली.

"मावशी, हे भोपळे खरे आहेत?"

"मग! आजच शेतातनं आलेत."

"तेच तर. खोटा नाही का एखादा?"

"माझा भोपळा खोटा?" भाजीवाली पदर खोचून उठली. तिच्या हातात दुधी होता. गेनूने तिथून पळ काढला. पण रिकाम्या हाताने घरी जाणाऱ्यातला तो नव्हता. वाटेत वह्या-पुस्तकांचं दुकान लागलं. तिथून त्याने बालवाडीचा तक्ता घेतला. भ भोपळ्याचा.

"हे काय?" ताईने विचारलं.

"भोपळा. खोटा."

ताईने कपाळावर हात मारला. मग स्वतः जाऊन भोपळा आणला आणि गेनूला समोर बसवून शिकवलं. "नीट बघ. वरून कापायचं. आतलं सगळं खरवडून बाहेर काढायचं. डोळे कोरायचे, तोंड कोरायचं, आत दिवा ठेवायचा. कळलं?"

"कळलं. एवढंच ना?"

"एवढंच. आता तो सोफा तेवढा करून ठेव."

ताई पुऱ्या लाटायला आत गेली. गेनूने सुरी घेतली. सोफ्याला वरून कापलं. आतला कापूस, काथ्या, स्प्रिंगा, सगळं खरवडून बाहेर काढलं. त्यात ताईचं हरवलेलं जोडवंही निघालं, ते त्याने इमानदारीत टेबलावर ठेवलं. पाठीला दोन डोळे कोरले, खाली दातांचं तोंड कोरलं, आत पणती ठेवली. सोफा छान हसायला लागला.

ताई आली. ती मात्र हसली नाही. आधी तिने पणती विझवली, मग भिंतीला टेकून खाली बसली.

"गेन्या, सोफा कुणी पोखरतं का रे? सोफ्यावर नुसती पांढरी चादर टाकायची! वरपासून खालपर्यंत झाकायचं, सुरकुती राहता कामा नये, वर चार झेंडूची फुलं ठेवायची. आवरलं की झालं!"

"मग आधी सांगायचं."

ताईने उरलेला सोफा स्वतःच्या हाताने झाकला. गेनू चुकचुकत बाजूला उभा राहिला. केतकीचं काम आणि आपल्या हातून सारखं बिघडतंय, याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं. पुढचं काम बिनचूक करायचं, असं त्याने ठरवलं.

"आता त्या आरामखुर्चीचंही बघ," असं म्हणून ताई पुऱ्या तळायला गेली.

आरामखुर्चीत तात्या झोपले होते. तात्या म्हणजे ताईचे सासरे. दुपारी जेवले की आडवे व्हायचे आणि चहाच्या वासाने उठायचे. गेनूने खुर्ची बघितली. तात्यांना उठव, असं ताई काही म्हणाली नव्हती. त्याने धुतलेली पांढरी चादर आणली आणि वरपासून खालपर्यंत झाकलं. एकही सुरकुती ठेवली नाही. वर चार झेंडूची फुलं ठेवली. विझलेली पणती वाया जायला नको म्हणून ती पेटवून तात्यांच्या उशाशी ठेवली. उदबत्त्या होत्याच.

लांबून बघितलं. पहिल्यांदाच काम मनासारखं झालं होतं.

तेवढ्यात शेजारच्या हौसाबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी खुर्ची बघितली. फुलं बघितली, पणती बघितली. हातातली वाटी खणकन पडली.

"अगं बाई! कधी झालं रे हे?"

"आत्ताच केलं," गेनू अभिमानाने म्हणाला.

"काही त्रास झाला का?"

"कसला त्रास? ताईने सांगितलं, मी केलं."

हौसाबाईंनी जो हंबरडा फोडला, तो वेशीपर्यंत गेला. अर्धी आळी धावली. कुणी भटजींना निरोप धाडला, कुणी बांबू आणायला गेलं. दोघीतिघींनी गळ्यात गळे घातले. "लाखात एक माणूस होता हो!" असं म्हणणाऱ्यांत तात्यांशी बांधावरून भांडणारे नानाही होते.

गलका ऐकून चादर हलली. आतून आवाज आला, "कोण गेलं रे?"

मग हॉल असा रिकामा झाला, की दाराशी नुसत्या चपला उरल्या. नाना तर खिडकीतून गेले.

ताई झारा घेऊन धावत आली. तात्या चादरीतून डोकं बाहेर काढून चहा मागत होते. ताईला काय झालं ते कळलं आणि तिचा चेहरा भोपळ्यासारखा लाल झाला.

"गेन्या, आता तू घरात एका वस्तूलाही हात लावायचा नाहीस! तासाभरात पाहुणे येतील आणि गावभर मयताची बातमी पसरलीय. जा, फाटकात उभा राहा. कुणीही येऊ दे, काहीही विचारू दे, एकच सांगायचं. खोटं आहे, असं काही नाही, आल्या पावली घरी जा आणि आंघोळ करा!"

"कुणीही आलं तरी?"

"कुणीही!"

गेनू फाटकात जाऊन ताठ उभा राहिला. भटजी आले. "खोटं आहे. घरी जा, आंघोळ करा." बांबूवाला आला. त्यालाही तेच. तात्यांचे जुने मित्र काठी टेकत आले, तेही तसेच परत गेले. घरातून केतकी कौतुकाने बघत होती. मामाला एकदाचं जमलं म्हणून ती साडी बदलायला आत गेली.

दिवेलागणीला एक मोठी गाडी येऊन थांबली. त्यातून चौघं उतरली. एका बाईंचे केस मोकळे, कपाळभर कुंकू, तोंडात लांब सुळे. मागे दोन हाडांचे सापळे आणि एक चेटकीण. गेनूला राग आला. मयताला यायचं तर असं नटून येतात का?

"केतकीचं घर हेच ना?" सुळेवाल्या बाईंनी गोड आवाजात विचारलं.

"खोटं आहे," गेनू म्हणाला.

"अहो, तुमच्याकडे लग्नाची मुलगी आहे ना?"

"असं काही नाही."

एक सापळा पुढे झाला. तो मुलगा होता. "पण फोनवर तर ठरलं होतं. केतकीला मी पसंत आहे, असं तिने स्वतः सांगितलं."

"ते तर साफ खोटं आहे," गेनूने त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून समजूत घातली. "गावात कुणीतरी उठवलंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आल्या पावली घरी जा, आणि चौघंही आधी आंघोळ करा."

बाईंचे सुळे गळून पडले. गाडीची दारं धाडधाड लागली आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली.

ताई नवं लुगडं नेसून, हातात औक्षणाचं ताट घेऊन बाहेर आली. "गाडीचा आवाज आला रे! पाहुणे आले ना?"

"छे गं," गेनू म्हणाला. "मयताचेच होते. वाटेला लावले. तू ताट ठेव खाली, पाहुणे आले की मी हाक मारतो."