दाब हळूहळू वाढवावा

एकदा एक निवृत्त शिक्षिका, कुमुदबाई रणदिवे, वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ घेऊन बार्शीच्या कासम मिस्त्रींकडे आल्या. वीस वर्षे तो बंद पडून होता. धाकटे बंधू श्रीपाद यांच्याशी त्यांचा अबोलाही तेवढाच जुना. आईच्या अखेरच्या आजारात ते आले नव्हते. आता रविवारी येतो, असे त्यांचे पत्र आले होते.

“लहानपणी आम्ही दोघं याच्यासमोरच बसायचो,” कुमुदबाई म्हणाल्या. “तो येईल तेव्हा हा वाजायला हवा. आणि मग त्याला सगळं विचारणार आहे मी. एकही गोष्ट सोडणार नाही.”

मिस्त्रींची शिष्या रेवती डिप्लोमा करून वर्षभर त्यांच्याकडे शिकत होती. तिने धूळ पुसली आणि प्लग लावायला हात पुढे केला. मिस्त्रींनी तो अडवला. रेडिओतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरचे एक टोक सोडवून त्यांनी त्याला निराळी, अगदी क्षीण वीज जोडली आणि मीटरकडे पाहत स्वस्थ बसले. दुसऱ्या दिवशी कुमुदबाई चौकशीला आल्या, तेव्हाही ते तसेच बसलेले.

रेवतीला राहवेना. “चाचा, हा अडीचशे व्होल्टचा आहे. तुम्ही अजून निम्म्यावरही नाही आलात.”

“अडीचशेचा होता, बेटा. तेव्हा त्याला रोज वीज मिळत होती. याच्या पोटात एक पातळ पापुद्रा असतो, तोच विजेला थोपवून धरतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो विरतो. मग एकदम पूर्ण दाब दिला तर हा तापतो, फुटतो, आणि आपण म्हणतो माल खराब होता. थोडाथोडा दाब दिला तर त्याच विजेनं पापुद्रा पुन्हा धरतो. मीटरचा काटा दाखवतो ती गळणारी वीज. काटा खाली उतरला की समजायचं, एवढं त्याला पेललं. मग पुढचं.”

“आणि नाहीच उतरला तर?”

“तर बदलायचा. पण आधी वेळ तर देऊन बघू.”

बाकावर बसलेल्या कुमुदबाईंनी हळूच विचारले, “किती वेळ लागतो?”

“ते आपण नाही ठरवायचं, बाई. तोच सांगतो.”

संध्याकाळपर्यंत पूर्ण दाबावरही काटा उतरला आणि रेडिओ वाजू लागला. रविवारी सकाळी रेवती रेडिओ पोचवायला गेली, तेवढ्यात श्रीपादराव दारात येऊन उभे राहिले. केस पांढरे झालेले, हातातली पिशवी खाली ठेवावी की नको, हे त्यांना कळत नव्हते. कुमुदबाईंचे ओठ हलले, मिटले.

“प्रवासात काही खाल्लंस का?”

“नाही.”

“मग हातपाय धू. पिठलं टाकते.”

दुपारभर दोघे गुडघेदुखीविषयी आणि भाकरीच्या पिठाविषयी बोलले. निघताना श्रीपादरावांनी चपलेत पाय सरकवत विचारले, “पुढच्या रविवारी येऊ, ताई?”

“ये,” त्या म्हणाल्या.

आपल्या दारीही कुणी फार वर्षांनी आले, तर पहिल्या दिवशी एवढे पुरे.