ठकू गुरवीण आणि तिळाएवढी चांदणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा करजवेळच्या खाडीत गाळ भरला नव्हता आणि मोठी गलबतं थेट वेळाई देवीच्या पायऱ्यांपर्यंत येत होती. त्या देवळाची देखभाल ठकू नावाची एक गुरवीण करायची. झाडलोट करावी, दिवा लावावा, फुलं वाहावीत, हे तिच्या घराण्याचं काम. पण तिचं नाव राहिलं ते त्या कामामुळे नाही. कुठल्याही मुलखाचं नाणं ठकूच्या हातावर ठेवलं, की ते कुठून आलं हे ती सांगत असे, असं म्हणतात.

गावातले पुरुष सगळे दर्यावर जाणारे. परत आले की ज्या बंदराला जाऊन आले तिथलं एक नाणं ते वेळाईच्या पायाशी ठेवत. अशा नाण्यांनी देवीचं घंगाळ भरून गेलं होतं. दरवर्षी जत्रेच्या आधी ठकू ती सगळी नाणी चिंच आणि राख लावून घासायची. तिला कुठलंच अक्षर वाचता येत नव्हतं. पण घासता घासता तिचा अंगठा प्रत्येक नाण्यावरून फिरायचा आणि डोळे त्याच्या मागोमाग. एका राजाची दाढी टोकदार, दुसऱ्याची गोल. एका गलबताला तीन डोलकाठ्या, दुसऱ्याला दोनच. कुठे काठावर मोहरीसारखे दाणे, कुठे दोरीचा पीळ. एका राणीच्या कानात डूल होतं, आणि तिच्याच दुसऱ्या नाण्यावर कान मोकळा. असं काही दिसलं की ठकू पायरीवर बसलेल्या खलाशाला हाक मारायची, "अरे, ही बाय कुठली? आणि हिनं डूल काढलं कधी?" खलाशी हसायचे, पण पुढच्या फेरीला विचारून यायचे.

कधी कधी ते तिची परीक्षाही घ्यायचे. एकदा एका तरण्या खलाशाने कुणा परक्या शिपायाच्या डगल्याचं पितळी बटण तिच्या हातावर ठेवलं. त्यावर सिंह होता.

"सांग काकी, हा राजा कुठला?"

ठकूने ते उलटं केलं. "राजाचं माहीत नाही. पण मागे दोरा ओवायला कडी आहे. तुझ्या सदऱ्याला बटण नाही, तिथे लाव. पोट दिसतंय."

देवळाच्या विहिरीवरच्या बायका पाणी भरायचं सोडून हसत राहिल्या. पुढे लोक सांगू लागले, की ठकू नाणं कानाला लावते आणि तिला त्या मुलखातला बाजार ऐकू येतो. खारकांच्या मुलखाचं नाणं असेल तर तिच्या हाताला गोड वास येतो. ठकू मात्र म्हणायची, "कान कशाला? बघायला डोळे आहेत की."

आता करजवेळच्या दर्यावर्द्यांची एक रीत होती. लिहितावाचता कुणालाच येत नव्हतं. कुणी परमुलखात अडकून पडला, तर तो तिथलं एक नाणं जाळ्याच्या दोऱ्यात बांधायचा आणि इकडे येणाऱ्या गलबतावर द्यायचा. प्रत्येक घराची गाठ वेगळी, ती बापाने मुलाला शिकवलेली. या गलबतावरून त्या गलबतावर असं ते नाणं कधीतरी गावाला पोचायचं. गाठ ओळखली की घरचे म्हणायचे, आमचा माणूस आहे.

त्या गावात भानजी नाखवा म्हणून एक होता. त्याची दोन गलबतं. एक तो स्वतः चालवायचा, दुसरं त्याचा धाकटा भाऊ पदाजी. एका साली पदाजी पश्चिमेच्या एका दूरच्या बंदरातून परत निघाला आणि वाटेत वादळात सापडला. सोबतच्या गलबतांनी त्याचं शीड फाटताना पाहिलं. मग काळोख झाला, आणि सकाळी समुद्रावर काहीच नव्हतं. पुढच्या हंगामात भानजी स्वतः त्या बंदराला गेला, विचारून विचारून थकला आणि रिकामा परत आला.

पदाजीची बायको येसू रोज पुळणीवरच्या वाळूत येऊन उभी राहायची. भानजीला ते बघवत नव्हतं. गलबत त्याचं, भावाला त्याने पाठवलेलं. दोन पावसाळे गेल्यावर त्याने गावकऱ्यांना गोळा केलं.

"त्याला गती मिळाली पाहिजे," तो म्हणाला. "किती दिवस भटकत ठेवायचं त्याला? गवताचा पुतळा करू आणि अग्नी देऊ."

पुतळ्याला अग्नी दिला की येसूची काकणं फुटणार होती. ती दारामागून एवढंच म्हणाली, "भावजींना सांगा, मला अजून थोडं थांबायचंय." पण तिच्यासाठी थांबून थांबून गाव दमलं होतं.

क्रियेच्या दिवशी सकाळीच एक परगावचं मिठाचं गलबत खाडीत आलं. त्यावरच्या तांडेलाने भानजीच्या हातात दोऱ्यात बांधलेलं एक काळं पडलेलं नाणं दिलं. त्याला ते दुसऱ्याने दिलं होतं, त्या दुसऱ्याला तिसऱ्याने. निघालं कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भानजीने गाठ पाहिली. गाठ त्याच्याच घराची होती.

"वाऱ्यासाठी बंदरात अडकला असेल, तेव्हाच बांधलं असेल त्याने," तो रडत म्हणाला. "निघायच्या आधी. भाऊ बुडाला, आणि नाणं आज पोचतंय."

सगळ्यांना ते पटलं. नाणी उशिरा यायचीच. कुणीतरी दोरा सोडला आणि नाणं ठकूकडे दिलं, क्रियेच्या आधी देवीला वाहायला. पुरुष गवत कापायला गेले.

ठकू ते घेऊन देवळाच्या विहिरीवर गेली. काळं नाणं देवीपुढे कसं ठेवायचं, म्हणून तिने चिंच लावली, राख लावली. हळूहळू खजुराचं झाड वर आलं. हे झाड तिच्या ओळखीचं होतं, त्याच पश्चिमेच्या बंदराचं. डावीकडे फळांचा मोठा घड, उजवीकडे लहान. मग बुंध्यापाशी तिचा अंगठा अडला. तिथे तिळाएवढं काहीतरी होतं.

वाळूचा कण असेल, असं वाटून तिने पुन्हा घासलं. कण निघाला नाही. तिने नाणं उन्हात धरलं. ती चांदणी होती.

ठकूने नाणं मुठीत धरलं. ती स्वतः तरुणपणीच विधवा झाली होती, दगडावर मनगटं आपटताना काय होतं ते तिला माहीत होतं. म्हणूनच तिला स्वतःचीच भीती वाटली. आपल्याला चांदणी दिसावी असं वाटतंय, म्हणून तर ती दिसत नाही ना? उद्या हे खोटं निघालं, तर येसू जन्मभर पुळणीवर उभी राहील, आणि ते आपल्या एका शब्दामुळे. ती उठली, गाभाऱ्यात गेली आणि तिने घंगाळ पालथं केलं. खजुराचं झाड असलेली सगळी नाणी एका बाजूला काढली. एकेक करून बुंधे पाहिले. मग सगळी ओच्यात घेऊन ती अनवाणी पुळणीकडे धावली. त्या वयात ती धावली तेव्हा तिचे पाय वाळूला लागलेच नाहीत, असं म्हणतात.

पुतळा तयार होता. येसूला आणून बसवलं होतं.

"थांबा रे!" ठकू ओरडली.

"काकी, आता मधे पडू नकोस," भानजी म्हणाला. "मनावर दगड ठेवून करतोय मी हे."

"भानज्या, तुझ्या घराची गाठ आणखी कुणाला येते?"

"मला आणि पदाजीला. बाबा गेले."

"आणि तू बांधून पाठवलंयस का एखादं?"

"मी कशाला पाठवू? मी तर इथे आहे."

ठकूने ओच्यातली नाणी वाळूवर ओतली. "बघ. ही सगळी वादळाच्या आधी आलेली. झाडाच्या बुंध्याशी काय आहे?"

"काही नाही."

"आणि हे?" तिने एक वेगळं काढलेलं नाणं त्याच्या हातात दिलं.

भानजीने डोळे बारीक केले. "चांदणी आहे वाटतं."

"हे तूच वाहिलेलं. पदाजीला शोधायला गेलास तेव्हाचं. आल्यावर माझ्या पायरीवर बसून कुणाला शिव्या देत होतास, आठवतं?"

भानजीने हातातलं नाणं उलटंसुलटं केलं. मग हळूच म्हणाला, "तिथला म्हातारा राजा मेला होता. मी पोचलो त्याच आठवड्यात. बंदर बंद ठेवलं होतं मेल्यांनी."

"मग तू निघेपर्यंत पोराने गादीवर बसून नाण्यावर आपली चांदणी घातली. तूच सांगितलंस मला." ठकूने मूठ उघडली. "आणि हे आज आलेलं."

भानजीने ते नाणं घेतलं. उन्हात धरलं, जवळ आणलं, लांब नेलं. वादळ आधी झालं होतं आणि चांदणी नंतर आली होती. बुडालेल्या माणसाने चांदणीचं नाणं बांधलं कसं?

"आज तो कसा आहे ते मला ठाऊक नाही," ठकू येसूकडे वळून म्हणाली. "मी देवी नाही. पण वादळानंतर त्याच्या बोटांनी ही गाठ मारली, एवढं खरं. पुढचं तुझं तू ठरव, बाय."

येसू उठली. तिने पुतळ्याचं गवत दोन्ही हातांनी उचललं आणि भानजीच्या गोठ्यात नेऊन गाईपुढे टाकलं. तिला कुणी अडवलं नाही.

पुढच्या हंगामात, नारळी पुनव होऊन गेल्यावर, एका परक्या गलबतातून एक दाढीवाला लंगडा माणूस उतरला. एका बेटावरच्या कोळ्यांनी त्याला पाण्यातून काढलं होतं. मोडलेला पाय बरा व्हायलाच वर्ष गेलं, मग तो त्या बंदराला पोचला आणि परतीच्या भाड्याचे पैसे जमेपर्यंत दोर वळायचं काम करत राहिला. येसूला पाहून त्याला दुसरं काही सुचेना.

"माझं नाणं पोचलं का?" त्याने विचारलं.

"पोचलं," येसू म्हणाली. "त्याला वाट सापडली. उशीर तुम्हालाच झाला."

त्यानंतर ठकू पुष्कळ वर्षं जगली. लांबलांबचे खलाशी नाणी घेऊन तिच्या पायरीवर यायचे, आपल्या गावाचं काहीतरी तिच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून. ती गेली त्या दिवशी खाडीतल्या सगळ्या गलबतांनी आपापली शिडं उतरवली. ज्यांची भाषा कुणाला कळत नव्हती असे लोक आले आणि एकेक नाणं तिच्या चितेत टाकून गेले. राख सावडताना ती नाणी नुकतीच घासल्यासारखी लखलखत होती, असं म्हणतात. पण चिता पेटायच्या आधी एक गोष्ट घडली, ती पुष्कळांनी पाहिली. येसू, आता स्वतः म्हातारी झालेली, पदाजीचा हात धरून पुढे आली. तिने आपल्या हातातलं एक हिरवं काकण काढून ठकूच्या हातात घातलं. विधवेच्या हातात काकण! पण गावातल्या एकानेही ते काढायला लावलं नाही.

आजही करजवेळची पोरं आगबोटींवर जातात, परमुलखात नोकरी करतात आणि येताना तिथली नाणी आणतात. जत्रेच्या आदल्या दिवशी ती चिंचेने घासली जातात. लहान मुलांना पायरीवर बसवून प्रत्येकाच्या हातात एक नाणं देतात. आधी कुणी सांगितलं नसेल असं काहीतरी त्यावर शोधायचं. शोधेपर्यंत जत्रेचं गोड खाजं मिळत नाही. मुलं नाकाला नाणं लावून बसतात, आणि दरवर्षी कुणाला तरी काहीतरी सापडतंच.

आणि कासार गावात आला, की घरोघरी जायच्या आधी तो खाडीकाठी ठकूच्या नावाने ठेवलेल्या दगडावर दोन हिरवी काकणं ठेवतो. त्यांचे पैसे तो घेत नाही. भरती येते आणि काकणं घेऊन जाते. त्या दगडापाशी फुटलेल्या काकणाचा तुकडा मात्र आजवर कुणाला सापडलेला नाही, असं म्हणतात.