बजाबाने टॅबमध्ये जागा केली

शिंगणवाडीत एक भोळा बजाबा राहायचा. भोळा म्हणजे किती? गावाला नळाचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. एकदा सरपंच म्हणाले, "मी सांगेपर्यंत कॉक बंद करू नकोस." आणि सरपंच गेले मेहुण्याच्या लग्नाला. दोन दिवस गाव चिखलात. बजाबा आपला टाकीपाशी बसून सरपंचांची वाट बघतोय.

असं हे ध्यान. वय बत्तीस. मुलगी कोण देणार? सहा घरचे पोहे खाऊन झाले होते, सातवं घर सापडत नव्हतं. त्याची आई सोनाक्का रोज देवापुढं हात जोडायची. "देवा, डोळे मिटायच्या आत दारात सून दिसू दे. कसलीबी चालंल." यातलं 'कसलीबी' ती हळू म्हणायची.

आणि एक स्थळ आलं की हो! मुलगी वैजयंता, आईबापांबरोबर सुरतेला राहणारी. बापाने फोनवर सांगितलं, "रविवारी चार वाजता व्हिडिओवर बघू एकमेकांना. पसंत पडलं तर नारळ घेऊनच येतो." व्हिडिओवर बघणार म्हणजे गावात येऊन चौकशी करणार नाहीत. सोनाक्काला गगन ठेंगणं झालं.

घरात एक टॅब होता. भाच्याने वापरून वापरून कंटाळून दिलेला, कोपऱ्यात तडा गेलेला. रविवारी सकाळी बजाबाने व्हिडिओचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, आधी टॅब अपडेट करा. बजाबाने अपडेट दाबलं. टॅब म्हणाला, जागा अपुरी आहे.

बजाबा सायकल काढून स्टँडवर मेहबूबभाईच्या मोबाईल दुकानात गेला.

मेहबूबभाई म्हणाला, "टॅब जुना, त्याच्या पोटात जागा कमी. नवं यायचं तर जुनं काढायला लागतं. जुनं काढ, नवं ठेव. सोपं आहे."

सोपंच होतं. बजाबाने घरी येऊन सगळे जुने फोटो काढून टाकले. त्यात वारलेल्या बापाचा एकुलता एक फोटो होता, तोही गेला. आजचा फोटो एकच होता, चुकून निघालेला, बजाबाच्या अंगठ्याचा. तो ठेवला.

"आरं मुडद्या!" सोनाक्काने कपाळ बडवून घेतलं. "तुझा बाप दुसऱ्यांदा मेला की रं!"

बजाबा पुन्हा सायकलवर. मेहबूबभाईने दोन बोटं फिरवली आणि बाप परत आणला.

"रडू नकोस," तो म्हणाला. "काढून टाकलेलं लगेच मरत नाही. महिनाभर कचऱ्यात असतं. पाहिजे झालं की तिथनं परत आणायचं."

मग त्याने बापाचा फोटो स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला. टॅबमधले सुप्रभातचे नऊशे व्हिडिओ पुसले, जागा केली आणि अपडेट सुरू करून दिलं. "आता चार्जिंगला लाव. शंभर टक्के होईपर्यंत हात लावू नकोस. नुसतं बघत बस."

बजाबा घरी आला. टॅब चार्जिंगला लावला. तेवढ्यात सोनाक्का म्हणाली, "बजा, ट्रंकेत माझं लुगडं हाय. आन् तुझा नवा शर्टबी तिथंच ठेव, पावणं बघणार हायती, तवर मळाय नगं." आणि ती शेजारी साखर आणायला गेली.

बजाबाने ट्रंक उघडली. शर्ट काही मावेना. जागा अपुरी. आता ह्यातलं बजाबाला सगळं कळत होतं! लुगडं तीस वर्षांचं, सोनाक्काच्या लग्नातलं. ते उचललं आणि उकिरड्यावर नेऊन टाकलं. शर्ट ऐसपैस ठेवला.

सोनाक्का परत आली. "लुगडं कुठाय रं?"

"कचऱ्यात. भिऊ नगंस, महिनाभर असतंय."

महिनाभर कसलं, अर्धा तास नाही राहिलं. शेजारच्या शेळीने अर्धा पदर खाल्ला होता आणि काठ चघळत होती. सोनाक्का शेळीच्या तोंडातून लुगडं ओढत रडली. खरंच रडली. लग्नातली तेवढी एकच वस्तू उरली होती बिचारीकडे.

"जाऊ दे," डोळे पुसत ती म्हणाली. "सून आली की सगळं भरून पावलं. चुलीवर दूध ठेवलंय, ते बघ." आणि ती उरलेलं लुगडं तसंच नेसून शेळीच्या लाळेचे हात धुवायला गेली.

बजाबा दूध बघत बसला. दूध वर आलं. बजाबा म्हणाला, "साठ टक्के." आणखी वर आलं. "ऐंशी." काठाशी आलं. "नव्वद." मग सगळं दूध चुलीत गेलं, चूल विझली, घरात धूर झाला. "शंभर टक्के!" बजाबा ओरडला आणि मग त्याने भांड्याला हात लावला.

सोनाक्का ओल्या हाताने धावत आली. "आरं, तापून वर याय लागलं की पाण्याचा हबका मारायचा! एवढंबी कळत न्हाई व्हय रं तुला?"

आता कळलं. बजाबा टॅबपाशी जाऊन बसला. नव्वद टक्के झाले होते. टॅब जुना, अपडेट मोठं, पाठ चांगलीच तापली होती. बजाबाने तांब्या उचलला आणि मारला हबका.

सोनाक्काने झडप घालून टॅब पदराने पुसला. पदर म्हणजे शेळीने ठेवला होता तेवढा. टॅबचा पडदा काळा झाला. मायलेक त्याच्यापुढं हात जोडून बसले. साडेतीन वाजले, पावणेचार वाजले. आणि टॅब उजळला. शंभर टक्के! जुना होता पण चिवट. सोनाक्काने त्याला हळदकुंकू लावलं.

"आता लक्ष देऊन ऐक," ती म्हणाली. "पावण्यांनी इचारलं तर आज शिकलास तेवढंच बोल. नवीन काय डोकं चालवू नगंस."

बरोबर चारला सुरतेचे पाहुणे पडद्यावर आले. बजाबा नव्या शर्टात होता. सोनाक्का अर्ध्या पदराचं लुगडं नेसून शेजारी. वैजयंता खाली बघून हसली. तिचे वडील म्हणाले, "पोरगं साधं दिसतंय. आम्हाला साधाच पाहिजे. घरी कोण कोण?"

"म्या आन् आये."

"खोल्या किती?"

"दोन."

"मग आमची वैजू आल्यावर जागा पुरेल का?"

बजाबाचा चेहरा खुलला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला येणारा प्रश्न कुणीतरी विचारला होता.

"जागेची काळजी नगं, मामा. जागा कराया म्या शिकलोय. नवं आलं की जुनं काढायचं. आये जुनी हाय. तिला उकिरड्यावर टाकतो."

पलीकडे वैजयंताच्या आईने तोंडाला पदर लावला. बजाबाला वाटलं, पाहुण्यांना सोनाक्काची काळजी वाटतेय. माणसं चांगली दिसतात.

"लगेच मरत न्हाई ती," त्याने समजूत घातली. "महिनाभर तिथं असती. वैजयंताबाईंना पायजे झाली तर परत आणू. फकस्त शेळीवर लक्ष ठेवाय लागतंय."

सोनाक्का उठली. चुलीपाशी गेली. लाटणं घेऊन आली. तिने ते डोक्यावर उगारलं, आणि पडद्यातल्या सगळ्या सुरतेसमोर बजाबा दोन्ही हात पसरून ओरडला,

"आये, हात लावू नगंस! लगीन आजून शंभर टक्के झालं न्हाई!"