पाहण्याचा दगड

कुणीतरी डोंगराच्या तीन बाजू चोरल्या होत्या आणि प्राण्यांच्या त्या राज्यात कुणाचीच तक्रार नव्हती. तिथले चित्रकार एकच डोंगर रंगवत. तो एका ठरलेल्या दगडावर उभं राहून, एक डोळा मिटून पाहायचा असा रिवाज होता. चित्रं चावडीच्या भिंतीवर काढली जात. जी बाजू भिंतीवर नाही तिथे कुणी राहत नाही, असं सगळे मानत. म्हणून टंचाईत चारा वाटला जाई तेव्हाही डोंगरामागे कुणी जात नसे.

डोंगरामागे काजळी नावाची शेळी राहत होती. रंग कालवायला शिकून ती चावडीत आली, पण दगडावर चढली नाही. डोंगराला चारी अंगांनी हिंडून आली आणि दिसलं ते सगळं तिने एकाच चित्रात मांडलं. पुढचा कडा, मागची गवताळ उतरण, बाजूची घळ, सगळं एकमेकांत शिरलेलं.

मोर सगळ्यांत जुना चित्रकार. तो म्हणाला, "काजळीबाई, पाठ आणि पोट एकदम दिसतं का कधी?"

"उभं राहून नाही दिसत. चालावं लागतं, मोरदादा."

"मग हा डोंगर नाही, वरात आहे."

चावडी हसली.

नापसंत चित्र म्हैस ओल्या शेपटीने पुसून टाकी आणि त्या चित्रकाराला पुन्हा कधी भिंत मिळत नसे. म्हैस आली, शेपूट भिजवून उभी राहिली आणि चित्राच्या एका कोपऱ्याकडे बघतच राहिली. शेपटीतून पाणी ठिबकत होतं.

"पूस ना," मोर म्हणाला.

"कसं पुसू? ते माझं डबकं आहे. मी तिथंच जन्मले."

मग जो तो भिंतीपाशी येऊन आपलं घर शोधू लागला. त्या उन्हाळ्यात चारा डोंगरामागे गेला. तरुण चित्रकार दगडाकडे फिरकेनासे झाले, त्यावर शेवाळ चढलं. मोरसुद्धा एकदा, कुणी बघत नसताना, डोंगराला वळसा घालून आला.

काजळी म्हातारी झाली. डोंगराच्या पोटात एक गुहा होती, ती तिला रंगवायची होती. ती निघाली. डोंगराभोवतीच्या वाटेवर आता तिच्या पहिल्या फेरीतल्या खुरांचे ठसे कोरून ठेवले होते आणि चित्रकारांनी त्यांवरूनच चालायचं असा नियम झाला होता. पहाऱ्यावरच्या तरुण माकडाने तिला अडवलं.

"आजी, पाय ठशाबाहेर पडतोय. काजळीच्या वाटेनं चला."

"अरे, काजळी मीच."

"म्हणून तर सांगतोय."

काजळीने त्या ठशांकडे पाहिलं. तिचा खूर आता त्यांत मावत नव्हता. ती वाट सोडून करवंदीच्या जाळीत शिरली आणि गुहेकडे चढू लागली.

वाट झाडणारं कासव तिच्याकडे बघत थांबलं. पूर्वी त्याच्याकडे पाहण्याचा दगड झाडायचं काम होतं.

"आधी एकच दगड होता, मग ही अख्खी वाट आली," ते माकडाला म्हणालं. "आता गुहेसाठी लांब दांड्याचा खराटा बघायला हवा."