लिहायचं घनघोर, वाचायचं सुकुमार

कोरलगडच्या राजपुत्राचं नाव लिहायचं ‘घनघोर’ आणि वाचायचं ‘सुकुमार’, असा राजा चंडविक्रमाचा हुकूम निघाला, आणि त्याच दिवशी त्या हुकुमापायी कुशाबा दवंडीवाला कोठडीत गेला.

तसा राजाचाही इलाज नव्हता. राजज्योतिषी म्हणाले होते, नाव ‘घ’वरूनच हवं, नाहीतर राज्य बुडेल. राणीसाहेब म्हणाल्या होत्या, त्या अक्षरावरून नाव ठेवलंत तर मी बाळाला घेऊन माहेरी जाईन. राजाने बराच विचार केला आणि दोघांचंही ऐकलं. कागदावर ज्योतिषीबुवांचं नाव, तोंडात राणीसाहेबांचं.

कुशाबाची चूक एवढीच, की त्याने हुकूम होता तसा सांगितला. चौकात ढोल बडवून तो ओरडला, “ऐका हो ऐका! राजपुत्राचं नाव लिहायचं घनघोर, वाचायचं सुकुमार!” राणीसाहेब बाळाला घेऊन सज्जात उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

राजाने कुशाबाला पुढ्यात उभं केलं. “ते नाव तोंडाने उच्चारलंस?”

“महाराज, काय लिहायचं ते लोकांना कळायला नको?”

“कळायलाच हवं!”

“मग न उच्चारता सांगू कसं?”

“ते तुझं काम!” असं म्हणून राजाने कागदावर लिहिलं, ‘कुशाबा यास कोठडीत ठेवावे,’ आणि खाली शिक्का उठवला. कधीपर्यंत? तर राजपुत्र स्वतः आपलं नाव लिहून दाखवेपर्यंत. राजपुत्र तेव्हा पाळण्यात होते आणि पायाचा अंगठा चोखत होते.

इकडे दरबारी मंडळींना ही नावाची तऱ्हा फारच राजेशाही वाटली. सेनापतींनी आपल्या मुलाचं नाव बदलून लिहिलं ‘रणदुंदुभी’, वाचायचं ‘बाळू’. वैद्यबुवांची मुलगी कागदावर ‘तिलोत्तमा’ झाली, हाकेला ‘चिंगी’च राहिली. शाळेतल्या पंतोजींनी हजेरी घेणं सोडून दिलं. ते नुसती डोकी मोजू लागले.

कुशाबाची मुलगी साळू रोज कोठडीवर भाकरी घेऊन जायची. आईमागे घरात दोघंच होती. बाप भाकरी मोडत म्हणायचा, “राजपुत्र हुशार निघू देत गं बाई.” पाचव्या दिवशी साळूच्याने राहवेना. ती तडक दरबारात गेली.

“महाराज, माझ्या बाबाला सोडा.”

“मी एकदा लिहिलेलं पुसत नाही!” राजा म्हणाला.

“पुसू नका. पण काही वाट तर ठेवा!”

राजाला गंमत वाटली. “ठेवली! हुकूम कोठडीच्या नाइकाकडे आहे. त्यातलं अक्षर खोडायचं नाही, नवं घालायचं नाही, कानामात्राही हलवायची नाही. नाइकाने तोच हुकूम वाचून तुझ्या बापाला सोडलं, तर तो मोकळा!” दरबार हसला. सेनापती सर्वांत जोरात हसले.

साळूने नमस्कार केला आणि ती कोठडीवर गेली.

नाईक दादजी जपून वागणारा माणूस होता. त्याने हुकूम उघडला. “हे बघ पोरी, स्वच्छ लिहिलंय. कुशाबा यास को...”

“थांबा!” साळूने त्याचा हात धरला. “दादजीकाका, लिहिलंय तसंच वाचताय?”

“मग कसं वाचू?”

“माझा बाबा आत का बसलाय?”

दादजी विचारात पडला. “लिहिलेलं तसंच वाचलं म्हणून.”

“मग आतली दुसरी घोंगडी झाडून ठेवू का तुमच्यासाठी?”

दादजीने कागद दूर धरला. तो एकदम तापल्यासारखा वाटला त्याला. “मग वाचायचं तरी काय?” तो हळूच म्हणाला.

“लिहायचं ‘कोठडीत ठेवावे’, वाचायचं ‘घरी पोचवावे’!”

दादजीने तसं दोनदा म्हणून पाहिलं. जिभेला काही त्रास झाला नाही. मग त्याने किल्ली काढली, आणि हुकुमात होतं म्हणून कुशाबाला घरापर्यंत पोचवूनही आला.

संध्याकाळच्या आत तिघंही दरबारात उभे. राजाने हुकूम मागवला, उलटसुलट करून पाहिला. कानामात्रा जागच्या जागी होती.

“नाईक! यात ‘घरी पोचवावे’ कुठे आहे?”

“लिहिलेलं नाही महाराज,” दादजी म्हणाला. “पण वाचायचं तसं आहे.”

राजा साळूकडे वळला. त्याच्या मिशा थरथरत होत्या. “आणि वाचायचं काय, हे ठरवणारी तू कोण?”

साळू मागे सरली नाही.

“महाराज, राजपुत्रांचं नाव काय वाचायचं ते कोणी ठरवलं? त्यांच्या आईने. घरच्या माणसाने. माझ्या बाबाला घरचं माणूस मी एकटीच!”

पडद्यामागून राणीसाहेबांचं हसू ऐकू आलं. राजाने तिकडे पाहिलं, हुकुमाकडे पाहिलं, आणि मग तोही असा खदखदून हसला की मुकुट कानावर आला. ज्योतिषीबुवा सोडून सगळे हसले. सेनापती या वेळी सर्वांत शेवटी हसले.

“सुटला तुझा बाप!” डोळे पुसत राजा म्हणाला. “आणि तुला बक्षीस! माग काय हवं ते.”

“घरी एक दुभती म्हैस असावी म्हणतो आम्ही.”

“दिली! कारकून, लिहा...”

“लिहू नका महाराज!” साळू घाईघाईने पुढे झाली. “लिहाल म्हैस आणि वाचाल शेळी! दावंच हातात द्या!”