सखोबाची आमटी

एका गावात गोजरा नावाची एक मुलगी होती. शेजारच्या गावातल्या एका भल्या घरात तिचं लग्न ठरत आलं होतं. पण त्या मुलखाची रीत अशी, की अक्षता पडेपर्यंत दोन्ही घरांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. निरोप मध्यस्थानंच पोचवायचे. आणि मध्यस्थ कोण, तर सखोबा! तिखटमीठ लावल्याशिवाय त्याच्या तोंडून साधा निरोप निघतच नसे.

गोजराच्या आबांनी विचारलं, "ऊन फार आहे. वऱ्हाड सकाळी आलं तर चालेल का?"

सखोबानं तिकडे जाऊन सांगितलं, "सकाळीच या, असं बजावलंय त्यांनी."

मुलाची आई जरा चपापली. तरी म्हणाली, "येऊ की! फक्त आमच्या म्हाताऱ्या सासूबाईंना टेकायला सावली असू द्या."

सखोबा परतला. "मोठा मांडव घाला, नाहीतर लग्न मोडू, अशी धमकी दिलीय त्यांनी!"

आबा भडकले. "असल्या घरात मी पोर द्यायचा नाही!"

गोजराच्या मनात ते घर भरलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रीत गेली चुलीत, म्हणत ती तडक त्या घरी जाऊन मुलाच्या आईपुढे उभी राहिली.

"तुम्ही माझ्या आबांना धमकी दिलीत?"

"अगं बाई! सावली मागितली ती धमकी झाली? बजावलं तर तुझ्या आबांनी!"

"आबांनी? त्यांनी तर नुसतं विचारलं होतं!"

दोघींनी एकेक निरोप ताडून पाहिला. मग मात्र सखोबाचा सगळा कारभार उघडा पडला. लग्न झालं, सकाळीच झालं, आणि म्हातारीला सावलीही मिळाली.

पंगतीत सखोबा सगळ्यांच्या पुढे बसला होता. जनाची नाही, मनाची तरी! लाडू वाढत गोजरा त्याच्यापाशी आली.

"पोरी, आमटी जरा गरम मिळेल का?"

गोजरानं अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आबा, सखोबाकाका जेवणाला नावं ठेवताहेत! पानावरून उठायची धमकी देताहेत!"

आबांनी खूण केली. वाढप्यांनी त्याची पत्रावळ उचलली.

"अहो, अहो! मी फक्त विचारलं हो!" सखोबा कळवळला.

"काका," गोजरा म्हणाली, "माझ्या आबांनीसुद्धा फक्त विचारलंच होतं."

तात्पर्य: दुसऱ्याचं बोलणं सांगताना तो काय म्हणाला तेवढंच नव्हे, कसं म्हणाला तेही खरं सांगावं; विनंतीची धमकी करणारा जुळलेली घरं मोडतो.