यादोराव मक्तेदाराची घागर

आता सांगतो ते तुम्ही कुणी मानणार नाही. माझ्या सख्ख्या भावानेही मानलं नाही, आणि तो तर भुतांशी तंबाखू वाटून खाणारा माणूस होता. पण महाराजांची लीला आहे, सांगितल्यावाचून राहवत नाही.

गोधडे महाराज पांजरटोल्यात राहायला आले तेव्हा गावात देऊळ एक आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या सात. महाराजांनी नदीकाठी झोपडी घातली आणि दारू सोडू पाहणाऱ्यांना आपल्याजवळ ठेवून घेऊ लागले. अट एकच, लेकरू असेल तर त्याला सोबत घेऊन यायचं. लेकराला तोडून कुणाची दारू सुटत नाही, असं महाराज म्हणत. आई कंप सुटून पडलेली असली की महाराज स्वतः तिच्या पोराला पेज भरवत, पोरींच्या वेण्या घालत. वेण्या फार वाकड्या येत. पोरी तशाच मिरवत.

भट्टीवर राबणारी धुरपता नवरा मेल्यापासून मजुरीत दारूच घ्यायची. पाच वर्षांची कौतिका तिच्या पायाशी उपाशी निजायची. तीही लेकीला घेऊन महाराजांकडे आली. तीन महिने थेंबाला शिवली नाही. पण दिराने पंचांपुढे पोर मागितली, आणि पंचांचा म्होरक्या कोण, तर दारूचा मक्तेदार यादोराव.

तो हसून म्हणाला, "महाराज, मांजराला तुमची गोधडी पांघरली म्हणून ते दूध प्यायचं राहील काय?"

त्याने परीक्षा ठरवली. धुरपताने पहिल्या धारेची भरली घागर भट्टीवरून चावडीपर्यंत डोक्यावर आणायची. सोबत फक्त पोर. घागर भरलेली पोचली तर पोर तिची. बोटभर जरी कमी भरली, तर पोर कायमची चुलत्याची.

महाराजांनी पंचांना परोपरीने विनवलं. तहानलेल्याच्या डोक्यावर पाणी ठेवून त्याला उन्हात चालवणं हा न्याय नव्हे, असं म्हणाले. यादोराव कसला ऐकतो.

धुरपता निघाली. चैत्रातलं ऊन, पानाने झाकलेली घागर, आणि डोक्यावरून नाकात उतरणारा तो वास. बेहड्याच्या झाडापाशी आल्यावर घागर खाली ठेवून ती बसली. हात घागरीकडे गेला. पोर बघत होती. माउलीने डोळे मिटून महाराजांना हाक मारली, आणि घागर एकदम हलकी झाली, अगदी परडीसारखी!

चावडीवर यादोरावाने पान उचललं. आत दारू नाही. ताजी, दवाने भिजलेली मोहफुलं, काठोकाठ. तेवढ्यात सातही भट्ट्यांवरची मडकी उतू गेली. त्यांतूनही फुलंच. ती वाऱ्यावर उठली आणि जंगलातल्या आपापल्या झाडाला, आपापल्या देठाला जाऊन चिकटली. यादोराव शिंकला तर त्याच्या नाकातून फूल पडलं. चाळीस वर्षांची प्यायलेली होती, संध्याकाळपर्यंत शिंकत होता. शेवटी पागोटं काढून त्याने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि...

"खोटं आहे, बुवा."

कीर्तनाच्या मंडपात खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी बोलली होती. मी विचारलं, बाई, तुम्ही कोण?

"कौतिका. घागर ओंजळभर कमी भरली. झाडाखाली माय प्यायली. यादोरावानं माझ्या हातावर गूळ ठेवला अन् विचारलं, मायनं तोंड लावलं का? मी हो म्हटलं. गूळ खात खात म्हटलं."



"पाया पडले ते महाराज. त्या यादोरावाच्या, भर चावडीत. लोक हसत होते. महाराज उठेचनात, तेव्हा कुठं त्यानं मला मायपाशी राहू दिलं."

मी जरा सावरून म्हटलं, मग तिथून तरी तिची दारू सुटली असेल ना?

"सुटली. पण त्याआधी आणखी दोनदा प्यायली," कौतिकाबाई म्हणाली. "दोन्ही वेळा महाराज पुन्हा यादोरावाच्या पाया पडले."